सानुकी उदोन घरी: ताकामात्सुच्या पद्धतीने, पायरीपायरीने

उदोन म्हणजे मैद्याच्या जाड जपानी नूडल्स. घरी केलेला उदोन फसतो तो बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांत. पीठ कोरडं वाटतं, गोळा जमत नाही, म्हणून आणखी दोन चमचे पाणी पडतं. मग ते हाताला छान मऊ लागतं, लाटणं भराभर फिरतं, आणि उकळल्यावर ताटात बुळबुळीत, चवीला पिठूळ नूडल्स येतात. रोज पोळ्यांची कणीक भिजवणाऱ्या हाताकडून हे होणं साहजिक आहे. पण जपानमधल्या ताकामात्सु शहरात उदोनचं पीठ सुरुवातीला घट्ट आणि भेगाळलेलंच असतं. नंतर त्याला मऊपणा येतो तो दाबाने आणि वेळेने, पाण्याने नाही. एवढं एक मनाशी पक्कं केलंत तर पुढच्या पायऱ्या अवघड नाहीत.

ताकामात्सु म्हणजे शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांताचं मुख्य शहर. या प्रांताचं जुनं नाव सानुकी, म्हणून हा सानुकी उदोन. त्याची परीक्षा तिथले लोक एकाच गोष्टीवर करतात, ती म्हणजे ‘कोशी’. दात टेकवला की वरचा थर मऊ लागतो, आतून दाताला थोडा विरोध होतो आणि मग घास स्वच्छ तुटतो. तुटायला त्रास होत असेल तर तो वातडपणा झाला, कोशी नव्हे.

जपानमध्ये ताज्या उदोनच्या पाकिटावर ‘अस्सल सानुकी’ अशा अर्थाचं लेबल लावायचं असेल तर नियम पाळावे लागतात. उदोन कागावातच तयार झालेला हवा. पिठाच्या वजनाच्या किमान ४० टक्के पाणी, किमान ३ टक्के मीठ, किमान २ तास मुरवणं आणि उकळायचा झाल्यास सुमारे १५ मिनिटं. घरी करताना हे आकडे समोर ठेवा. एखादी पायरी गाळावीशी वाटली की ते आपल्याला अडवतात.

आधी वेळ मांडा

दुपारी एकला जेवायचं असेल तर आदल्या रात्री दाशीसाठी (उदोनच्या सूपसाठी) सुके मासे आणि कोंबू (समुद्री शेवाळाची वाळवलेली जाड पट्टी) पाण्यात घाला. सकाळी आठला पीठ भिजवा, पावणेनऊला तुडवा, साडेनऊ ते बारा मुरवा, बाराला लाटा आणि साडेबाराला आधण तयार ठेवा. प्रत्यक्ष काम तासा-सव्वा तासाचंच आहे, बाकी सगळं थांबणं. ‘आत्ता मनात आलं, तासाभरात वाढते’ हे या पदार्थात जमत नाही. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी फ्रोजन उदोन आणा, तो कच्च्या घाईने केलेल्या उदोनपेक्षा नक्कीच बरा.

१. साहित्य आणि मापं

चार जणांसाठी:

मैदा ४०० ग्रॅम
पाणी १८० ग्रॅम
मीठ २० ग्रॅम
लावायला कॉर्नफ्लोअर, साधारण अर्धी वाटी

वजनकाटा हवाच. वाटीने मापलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर २०–३० ग्रॅमचा फरक पडतो, आणि इथे १० ग्रॅम पाण्यानेही पीठ बदलतं. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा.

उदोनला मध्यम प्रथिनांचं पीठ लागतं. आपल्या बाजारातला साधा मैदा चालतो. पाकिटामागे १०० ग्रॅमला ९ ते ११ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असली की पुरे. ब्रेडसाठीचं जास्त प्रथिनांचं पीठ घेतलंत तर उदोन वातड होईल. पौष्टिक व्हावा म्हणून गव्हाचं पीठ मिसळण्याचा मोह होतो, पण त्यातला कोंडा पिठाची ओढ तोडतो आणि उकळताना नूडल्सचे तुकडे पडतात. महागडं आयात पीठ शोधत बसण्याचीही गरज नाही. कागावाने उदोनसाठी ‘सानुकी नो युमे २०००’ नावाचा खास गहू तयार केला आहे, तरी तिथल्याच पुष्कळ दुकानांत ऑस्ट्रेलियन गव्हाचं पीठ वापरलं जातं. फरक पडतो तो हाताने.

मीठ साधं, बारीक चालेल. खडा मीठ असेल तर पूर्ण विरघळेपर्यंत थांबा.

२. मीठपाणी ऋतूप्रमाणे

मीठ पिठात कोरडं टाकायचं नाही. आधी पाण्यात विरघळवायचं, मगच पिठाला लावायचं. मिठामुळे पिठाची ओढ घट्ट होते आणि उन्हाळ्यात पीठ सैल पडत नाही. म्हणूनच सानुकीत जुन्या कारागिरांचं एक माप आहे: ऐन उन्हाळ्यात एक कप मिठाला तीन कप पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. हे माप बारीक मिठाला कपाने लावू नका, कारण कपात बारीक मीठ जास्त मावतं. त्यामागचं तत्त्व घ्या आणि वजनाने असं करा:

थंडीत: पाणी १८४ ग्रॅम, मीठ १६ ग्रॅम
एरवी: पाणी १८० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम
एप्रिल-मेमध्ये: पाणी १७६ ग्रॅम, मीठ २४ ग्रॅम

पावसाळ्यात मैद्यानेच हवेतली ओल धरलेली असते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये तयार मीठपाण्यातलं १० ग्रॅम बाजूला काढून ठेवा आणि खरंच गरज पडली तरच घाला. उन्हाळ्यात पाणी माठातलं किंवा गार घ्या, थंडीत कोमट.

सावधान: २० ग्रॅम मीठ बघून दचकायला होतं. त्यातलं बरंचसं उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून मीठ अर्ध्यावर आणू नका. पण सगळं जात नाही. रक्तदाबाचं पथ्य असलेल्यांनी वाडग्यातलं सूप संपवू नये.

३. पीठ भिजवणं

मोठी, पसरट परात घ्या. मैदा चाळून पसरा. मीठपाणी तीन वेळा विभागून घाला. बोटं फाकवून, तळहात न लावता, पिठातून गोल गोल फिरवा. या पायरीत मळायचं नाही. पाणी पिठाच्या प्रत्येक कणापर्यंत पोचवायचं, एवढंच काम आहे.

पहिल्या पाण्यानंतर बारीक रवाळ कण दिसतील, दुसऱ्यानंतर वाटाण्याएवढे गोळे, तिसऱ्यानंतर मोठे, ओलसर, किंचित पिवळट गोळे. यात चार-पाच मिनिटं जातात. मग सगळं एकत्र दाबून ओबडधोबड गोळा करा. तो भेगाळलेला दिसेल, तसाच असू द्या. जाड प्लास्टिक पिशवीत घालून अर्धा तास झाकून ठेवा.

तपासा: परातीच्या तळाशी कोरडा मैदा उरला आहे का? असेल तर हात ओला करून फक्त त्या मैद्यावर फिरवा. संपूर्ण गोळ्यावर पाणी शिंपडू नका. अर्ध्या तासाने तोच गोळा आपोआप ओलसर लागेल, कारण पाणी आत शिरायला वेळ घेतं. ‘कोरडं आहे’ हा निर्णय या अर्ध्या तासानंतर घ्यायचा, आधी नाही. सर्वांत जास्त उदोन इथेच बिघडतात.

४. तुडवणं

इतकं घट्ट पीठ मनगटाच्या जोराने तिंबता येत नाही, म्हणून सानुकीत ते पायाने तुडवतात. कोतोहिरा आणि ताकामात्सुमध्ये पर्यटकांना उदोन शिकवणारी नाकानो उदोन शाळा आहे. तिथे ही पायरी गाणी लावून, ठेक्यावर करून घेतात.

गोळा जाड, स्वच्छ, खाण्याच्या वस्तूंसाठीच्या पिशवीत ठेवा. तिच्यावर दुसरी पिशवी, खाली स्वच्छ चादर, पायांत धुतलेले मोजे. टाचेने मधून सुरुवात करून गोल फिरत बाहेर जा. पीठ पसरून एक बोट जाडीचं झालं की पिशवीतून काढा, तिहेरी घडी घाला, परत पिशवीत ठेवा आणि पुन्हा तुडवा. असं तीन ते चार वेळा करायचं.

अन्नाला पाय लावणं अनेक घरांत चालत नाही, आणि त्यासाठी कुणी स्वतःला जुनाट समजायचं कारण नाही. पीठ पिशवीतच जमिनीवर पाटावर ठेवा, गुडघ्यांवर बसा, कोपरं ताठ ठेवून मुठींवर अंगाचा भार टाका. जाड लाटण्याने वरून दाबत गेलात तरी चालतं. वेळ दीडपट लागेल, परिणाम तोच. एक मात्र करू नका: ओट्याशी उभं राहून नुसत्या मनगटाने ढकलणं. त्याने पुरेसा भार पडत नाही, माणूस दमतो आणि शेवटी पाणी घालून मोकळा होतो.

तपासा: दुसऱ्या-तिसऱ्या घडीनंतर पृष्ठभाग गुळगुळीत, साटीनसारखा दिसायला हवा. वरची कातडी ताणून फाटायला लागली तर थांबा. पीठ थकलं आहे, १५ मिनिटं विश्रांती द्या. आणखी जोर लावल्याने ते सुधारत नाही, उलट तंतू तुटतात.

शेवटी कडा मध्यभागी ओढत, पुरणपोळीचा उंडा बंद करतो तसा गोळा मिटवा. मिटलेली बाजू खाली करा.

५. मुरवणं

गोळा पिशवीत बंद करून, हवा काढून, घरातल्या सामान्य तापमानाला ठेवा. उन्हाळ्यात दोन तास, एरवी अडीच-तीन, नागपूर-नाशिकच्या थंडीत चार-पाच तास. वरचे दोन तास हे किमान आहेत, ‘साधारण’ नव्हे. मुरताना ताणलेलं पीठ सैलावतं आणि ओल सगळीकडे सारखी होते. ही पायरी कापलीत तर लाटताना पीठ रबरासारखं आक्रसत राहील, तुम्ही जोर लावाल, आणि नूडल्स कुठे जाड कुठे पातळ होतील.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. मात्र लाटण्याआधी तास-दीड तास बाहेर काढा. दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका, पीठ करडं पडू लागतं.

तपासा: बोट दाबा. खड्डा लगेच उसळून वर आला तर अजून वेळ हवा. सावकाश, अर्धवट भरला तर तयार. तसाच खोल राहिला आणि बोटाला चिकटला तर पाणी जास्त झालं आहे. अशा पिठात आता मैदा कोंबू नका. त्याचे जाडसर लाटून सूपमध्ये तुकडे सोडा, आणि पुढच्या वेळी १० ग्रॅम पाणी कमी घ्या.

६. दाशी: हे मुरवण्याच्या वेळात

कागावातल्या उदोनची चव ओळखू येते ती ‘इरिको’मुळे. इरिको म्हणजे लहान अँचोव्ही मासे, उकळून मग वाळवलेले. कानोंजी शहराच्या हद्दीतल्या इबुकिजिमा बेटाचे इरिको प्रसिद्ध आहेत. तिथे मासे पकडल्यावर विलंब न करता किनाऱ्यावरच उकळून वाळवतात, म्हणून त्यांना उग्र वास नसतो.

आपल्याकडच्या सुक्या मासळीने काम भागेल का, हा प्रश्न कोकण-गोव्याच्या वाचकांना पडणारच. मांदेली किंवा जवळा बहुधा कच्चाच उन्हात वाळवलेला असतो. त्याचा वास उदोनच्या नाजूक सूपवर चढून बसतो. आमटीत, कालवणात तो फार छान, इथे नको. शहरांतल्या कोरियन-जपानी किराणा दुकानांत ‘निबोशी’ किंवा कोरियन नावाने ‘म्योल्ची’ मागा. दोन्ही उकळून वाळवलेलेच असतात.

चार वाडग्यांसाठी:

पाणी १ लिटर ३०० मिली
इरिको ३० ग्रॅम
कोंबू १० ग्रॅम
उसुकुची शोयू (फिक्या रंगाचा सोया सॉस) ५० मिली
मिरिन (जपानी गोड तांदळाचं मद्य) २५ मिली
मीठ अर्धा चमचा, चव बघून

इरिकोची डोकी आणि पोटातला काळा भाग काढून टाका. कडवटपणा तिथूनच येतो. दहा मिनिटांचं चिकट काम आहे, पण टाळू नका. मासे आणि कोंबू रात्रभर गार पाण्यात, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये.

सकाळी तेच पाणी मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की, उकळी फुटायच्या आधी, कोंबू बाहेर काढा. उकळला तर सूप बुळबुळीत आणि शेवाळाच्या वासाचं होतं. मग इरिको हलक्या उकळीवर पाच-सात मिनिटं ठेवा आणि वर येणारा फेस काढत राहा. पातेल्यावर झाकण नको, वास आत कोंडतो. फडक्यातून गाळा, पण फडकं पिळू नका. आता मिरिन घालून एक उकळी, मग शोयू, शेवटी मीठ.

मोठी चूक: देशी-चायनीज पदार्थांसाठीचा डार्क सोया सॉस. त्यात रंगासाठी कॅरमेल असतं, सूप काळपट गोडूस होतं. कागावाचं काके सूप (गरम उदोनवर ओततात ते) फिकं, सोनेरी असतं आणि वाडग्याचा तळ दिसतो. उसुकुची रंगाने फिका असला तरी नेहमीच्या शोयूपेक्षा जास्त खारट असतो, हे विसरून रंग येईपर्यंत ओतत गेलात तर सूप वाया जाईल. नेहमीचाच जपानी शोयू असेल तर ४० मिली घ्या आणि राहिलेली उणीव मिठाने भरून काढा. मद्य चालत नसेल तर मिरिनऐवजी दोन लहान चमचे साखर.

शाकाहारी करायची असेल तर इरिकोऐवजी पाच-सहा वाळलेले शिताके मशरूम कोंबूबरोबर रात्रभर गार पाण्यात भिजवा. चव चांगलीच होते. फक्त ती सानुकीची चव नाही, आणि पाहुण्यांना सांगताना तसंच सांगावं.

७. लाटणं

पोळपाट बाजूला ठेवा, तो पुरत नाही. ओटा स्वच्छ पुसून कोरडा करा. गोळा दोन भागांत कापा, एक पिशवीतच राहू द्या. ओट्यावर आणि पिठावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. इथे मैदा लावू नका. लावलेला मैदा पिठात शोषला जातो, थर एकमेकांना चिकटतात आणि उकळताना आधणाची खळ होते. कॉर्नफ्लोअर कोरडं राहतं आणि उकळताना सुटतं.

आधी तळहाताने दाबून चपटं करा. मग लाटणं मधून पुढे आणि मधून मागे, काठापर्यंत न नेता. दर दोन-तीन फेऱ्यांनी पीठ पाव वळसा फिरवा. गोल पोळी करायची सवय मोडायची आहे: आकार चौकोनाकडे न्यायचा, नाहीतर कडेच्या नूडल्स तोकड्या होतात. थोडं लाटलं की पीठ लाटण्यावर गुंडाळा, दाबत दोन-तीनदा पुढे-मागे फिरवा, उलगडा, वळवा, पुन्हा गुंडाळा. सानुकीत लांब दांड्याने असंच करतात, आणि जाडी एकसारखी येते ती याच युक्तीने.

जाडी ३ मिलिमीटर. डोळ्यांना ती फारच जाड वाटते, आणि माणूस आणखी पातळ लाटतो. उकळल्यावर नूडल्स फुगतात हे धरूनच ही जाडी आहे, पण ४ च्या वर गेलात तर आतपर्यंत शिजेपर्यंत बाहेरचा थर उतरतो. पीठ आक्रसत असेल तर ओलं फडकं झाकून दहा मिनिटं थांबा.

८. कापणं

वर भरपूर कॉर्नफ्लोअर पसरा आणि पीठ पुढे-मागे असं तीन-चार पदरी दुमडा. गुंडाळी करू नका, आतले पदर दाबले जातात. मोठी, धारदार, सरळ पात्याची सुरी घ्या आणि वरून सरळ खाली दाबा. करवतीसारखी ओढलीत तर कडा चेंगरतात. सानुकी उदोनच्या कडा टोकदार, काप चौकोनी हवेत. जाडी ३ असेल तर रुंदी ३ ते ४ मिलिमीटर.

दहा-बारा काप झाले की लगेच उचलून उलगडा, झटका आणि जास्तीचं कॉर्नफ्लोअर पाडा. सगळे कापून मग उलगडू म्हटलंत तर खालचे चिकटलेले असतात. कापलेल्या नूडल्स अर्ध्या तासात उकळायच्या. त्यामुळे कापायला घेण्याआधीच मोठं पातेलं गॅसवर चढवलेलं हवं.

९. उकळणं

नूडल्सच्या वजनाच्या किमान दहापट पाणी. दोन जणांच्या साधारण ३०० ग्रॅम कच्च्या उदोनला ३ लिटर, ४ असेल तर आणखी चांगलं. चौघांचं एकदम करू नका, दोन घाण्यांत करा. आधणात मीठ घालू नका, तेल तर अजिबात नको. मीठ पिठातून बाहेर पडायचं आहे, आणि तेलाचा थर बसला की सूप नूडल्सला धरत नाही.

पाणी खळखळत असताना नूडल्स सुट्या करत सोडा. पहिलं मिनिटभर चमचा लावू नका, ओल्या पिठाच्या कडा तुटतात. त्या आपोआप वर यायला लागल्या की एकदा अलगद खालून वर हलवा. नंतर आच अशी ठेवा की नूडल्स स्वतःच गोल फिरत राहतील. उतू जायला लागलं तर आच कमी करा. वरचेवर गार पाणी ओतल्याने उकळी मोडते.

वेळ: हाताने कापलेल्या ३ मिलिमीटरच्या उदोनला १२ ते १५ मिनिटं. इन्स्टंट नूडल्सच्या सवयीने चार मिनिटांत काढलेला उदोन बाहेरून शिजलेला दिसतो आणि आत पिठाचा पांढरा दोरा असतो. कच्च्या पिठाच्या घट्टपणाला कोशी समजण्याची चूक फार होते.

तपासा: १० व्या मिनिटाला एक नूडल काढून गार पाण्यात बुडवा, मग मधून कापा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून दोन मिनिटं. सगळीकडे सारखी अर्धपारदर्शक झाली की काढा. गरम असताना चावून ठरवू नका, गरम उदोन नेहमीच जास्त मऊ लागतो.

दुसऱ्या घाण्याआधी निम्मं पाणी ओतून ताजं उकळतं पाणी भरा.

१०. धुणं

गार खायचा असो वा गरम सूपमध्ये, उदोन आधी गार पाण्यात धुवायचा. अपवाद पुढे येणाऱ्या कामाआगे आणि कामातामाचा, तेवढाच. ही पायरी वगळतात ते ‘मग तो थंड होईल की’ या विचाराने. पण वरचा चिकट थर निघत नाही तोवर सूप गढूळ राहतं आणि घास दाताला सुटा लागत नाही.

नूडल्स रोळीत ओता, नळाखाली धरा. वाफ गेली की दोन्ही हातांनी, घाबरत न राहता, चोळून धुवा. चांगल्या शिजलेल्या उदोनला चोळल्याने काही होत नाही. बुळबुळीतपणा जाऊन हाताला तुळतुळीत लागेपर्यंत धुवायचं. मग शेवटी बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट असतं, त्यामुळे बर्फ आदल्या रात्रीच करून ठेवा.

गरम हवा असेल तर वाढण्यापूर्वी उकळत्या पाण्यात १०–१५ सेकंद बुडवा, निथळा, गरम केलेल्या वाडग्यात घाला.

उरणार असेल तर धुऊन निथळलेल्या नूडल्स एकेका माणसाच्या वाट्याने लगेच फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठलेल्याच उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडा. फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवलेला उदोन दुसऱ्या दिवशी ठिसूळ होतो.

११. वाढणं

काके: गरम उदोनवर गरम दाशी. वर बारीक चिरलेली कांद्याची पात आणि किसलेलं आलं. पहिल्यांदा हाच करा. चूक कुठे झाली ते यात लपत नाही.

कामाआगे: भांड्यातून थेट, न धुता, थोड्या उकळपाण्यासकट, बाजूला घट्ट चवीचं सूप. हे सूप चार भाग दाशी, एक भाग शोयू, एक भाग मिरिन एक उकळी काढून करतात. तेच गार करून गार उदोनवर थोडंसं ओतलं की बुक्काके.

शोयू उदोन: गार उदोन, वर थेट शोयूचे काही थेंब, किसलेला मुळा, लिंबू. आपला मुळा तिखट असतो, किसून पाणी थोडं पिळून घ्या. उन्हाळ्यात मला याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

कामातामा: गरम, न धुतलेल्या उदोनवर कच्चं अंडं आणि शोयू. जपानमध्ये अंडी कच्ची खाण्याच्या हिशेबाने विकली जातात, आपल्याकडे तसं नाही. पाश्चराइज्ड अंडं मिळत नसेल तर हा प्रकार सोडून द्या.

थंडीत शिप्पोकू करून बघाच. मुळा, गाजर, तळलेला तोफू आणि सातोइमो दाशीत शिजवून तेच सगळं उदोनवर ओततात. सातोइमोच्या जागी आपल्या अळकुड्या बरोबर बसतात. आधी वेगळ्या उकडून सोलून घ्या, नाहीतर सूप चिकट होतं.

वाढलं की लगेच खायला बसा. पाहुणे यायच्या आधी वाडगे भरून ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटांत उदोन सूप पितो आणि सकाळपासून जपलेली कोशी जाते.

प्रत्यक्ष ताकामात्सुला गेलात तर

तिथली बरीच दुकानं सेल्फ सर्व्हिसची आहेत, आणि गडबड होते ती क्रम माहीत नसल्याने.

ट्रे घ्या आणि रांगेत उभे राहा. आधी किती हवं ते सांगायचं. मोजणी ‘तामा’त होते, म्हणजे एका माणसाच्या नूडल्सची एक गुंडाळी. ‘हितोतामा’ म्हणजे एक, ‘फुतातामा’ म्हणजे दोन. पहिल्या दुकानात एकच घ्या, दिवसभरात दोन-तीन दुकानं करायची असतात. नुसतं गरम की गार एवढं पुरत नाही, कारण नूडल्स आणि दाशी यांचं तापमान वेगवेगळं निवडता येतं. ‘हिया-आत्सु’ म्हटलं की नूडल्स गार, दाशी गरम. कोशी आणि उबदार सूप दोन्ही हवं असेल तर हे मागा. दोन्ही गरम म्हणजे ‘आत्सु-आत्सु’.

काही दुकानांत नूडल्स वाडग्यात गारच मिळतात. शेजारी गरम पाण्याची टाकी आणि लांब दांड्याच्या गाळण्या असतात, तिथे आपणच १०–१५ सेकंद बुडवून निथळायच्या. नीट निथळल्या नाहीत तर दाशी पातळ होते. पुढे तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले पदार्थ, निवडा (चिकुवा, म्हणजे माशाच्या पेस्टची नळी, तिथे हटकून असतो), पैसे द्या, मग टाकीतून किंवा नळातून दाशी स्वतः ओता, पात-आलं घ्या आणि बसा. खाऊन झालं की वाडगा परत करायच्या खिडकीपाशी ठेवा. जेवणानंतर गप्पा मारत टेबल अडवू नका, मागे रांग असते.

शाकाहारी असाल तर हे आधी समजून घ्या: वर भाजी असली तरी दाशी माशाचीच असते. नूडल्स मात्र पीठ, मीठ आणि पाणी एवढ्याच. शोयू उदोन मागा. टेबलावरच्या बाटलीवर ‘दाशी शोयू’ लिहिलं असेल तर त्यातही मासा असतो, साधा शोयू आहे का ते विचारा. तेम्पुराचं तेल मासे आणि भाज्यांना एकच असतं.

वेळ सकाळची धरा. अनेक दुकानं लवकर उघडतात आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास, किंवा त्या दिवसाचा उदोन संपला की त्याही आधी, बंद होतात. एखाद्या ठरावीक दुकानासाठी जात असाल तर त्याची साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी बघून घ्या आणि बरोबर येनच्या नोटा-नाणी ठेवा.